बदरुभाईंचा मानाचा कीबोर्ड

आळेफाट्याला बदरुद्दीन यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. सगळे त्यांना बदरुभाई म्हणतात. मी सकाळी दोन तास तिथं बसून कच्ची छपाई तपासतो. मला लिहायची सवय नाही आणि हे कुणी वाचेल असंही वाटत नाही. पण त्या दिवशीच्या चुकीत माझाही वाटा होता, म्हणून लिहितो.

बदरुभाई तरुणपणी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं, जुळवायचे. खिळ्यांचा जमाना गेला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला. तोही थकला, तेव्हा त्यांचा पुण्याचा जावई फैजान याने त्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घालून दिली. शिवाय एक युक्ती शिकवली. कॉम्प्युटरला दुसरा कीबोर्ड जोडायचा आणि त्याच्या बटणांना वेगळी कामं नेमून द्यायची.

या नेमणुका बदरुभाईंनी मोठ्या विचाराने केल्या. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरानवरी कोपऱ्यात असतात, बाकीची जागा मान्यवरांची. एकेक बिरुदावली टाइप करून बदरुभाईंची बोटं दुखायची. म्हणून दुसऱ्या कीबोर्डावर एका बटणाला एक मान्यवर; त्याला आम्ही मानाचा कीबोर्ड म्हणायचो. बटण दाबलं की माणूस सर्व पदांसकट उमटायचा. 'भावी' मंडळी वरच्या रांगेत, 'माजी' खालच्या. निवडणूक झाली की बदरुभाई चहा सांगायचे आणि रांगा बदलायला बसायचे.

हे सगळं एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं. फाईलच्या डोक्यावर दुसऱ्या कीबोर्डाचा ओळख क्रमांक घालायचा, म्हणजे नेमणुका तेवढ्याच कीबोर्डाला लागू होतात. क्रमांकाच्या जागी चांदणी टाकली, तर जोडलेल्या सगळ्याच कीबोर्डांना.

पारगावच्या चांगदेव यांच्या मुलीची, आरोहीची पत्रिका आमच्याकडे आली. बेचाळीस मान्यवर होते. बटणं पटापट दाबून झाली आणि पान भरलं. यादीत अगदी तळाला मुलीच्या मामाचं नाव होतं, मढचे बहिरू. त्यांना बटण नव्हतं. ते राहून गेले. तपासताना ते माझ्या ध्यानात आलं होतं. पण घरचं काही भांडण असेल, आपण कशाला विचारायचं, म्हणून मी बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी मानाच्या कीबोर्डावर चहा सांडला आणि तो गेला. बदरुभाईंनी नवा आणला. नव्याचा क्रमांक वेगळा. तो शोधायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी चांदणी टाकली. नव्या कीबोर्डावर मान्यवर बिनबोभाट उमटले. बदरुभाई खूश.

बारा वाजता चांगदेवांची बायको अंजनाबाई आल्या. हातात नमुन्याची पत्रिका होती.

"बदरुभाई, माझ्या भावाचं नाव कुठंय?"

बदरुभाईंनी पत्रिका वर-खाली पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला.

"थोरल्याच्या लग्नातबी राह्यलं व्हतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, भाऊ बोलत नाय. या बारीला मी म्हनलं, पत्रिका घेऊन सोता येते. आता मामाबिगर पोरगी मांडवात आनू व्हय? एकची यष्टी हाय मला. बाकीच्या पाचशे मागनं छापा, मला एक द्या."

"बसा ताई, दोन मिंटं," म्हणत बदरुभाईंनी नेहमीच्या कीबोर्डावर पहिलं अक्षर दाबलं. 'युवकांचे आशास्थान' उमटले. दुसरं दाबलं, तर एक माजी सभापती. खोडायला गेले, तर पतसंस्थेचे अख्खे संचालक मंडळ. चांदणी काढायला फाईल उघडली, तर तिच्यातही मान्यवर शिरले.

"आवो, किती लोक घालताय? माझा एक भाऊ घाला की!"

"ताई, घालत नाही. येतायत."

फैजानचा फोन लागेना. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मान्यवर जागचे हलले नव्हते. साडेबारा झाले. माऊस तेवढा शहाणा होता.

"अण्णा," बदरुभाई मला म्हणाले, "खिळे जुळवू या."

माझ्या लक्षात यायच्या आत त्यांनी माऊसने 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' मधला ब उचलला. 'हितचिंतक' मधून हि. रू काही मिळेना. तो मी शोधला, आडतदार रूपचंदशेठांच्या नावात. बहिरूंचं आणि मढच्या माजी सरपंचांचं आडनाव एकच, ते सबंध मिळालं. दोन माननीयांचे 'मा' जोडले तेव्हा एक मामा झाला.

पण ठेवायचा कुठं? बदरुभाईंनी मान्यवरांतले भरतशेठ धरले. चार ओळी, त्यात दोन वेळा 'भावी'.

"चांगदेव बोंबलतील," मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बोंबलू द्या," अंजनाबाई म्हणाल्या. "भरतशेठ काय पोरीला हाताला धरून आननार हाय का?"

बदरुभाईंनी कात्रीचं चित्र दाबलं. भरतशेठ गेले. त्या जागी मामा बसले आणि तीन ओळी मोकळ्या राहिल्या. छापलेली पत्रिका वाळायच्या आत अंजनाबाईंनी पदराखाली धरली आणि एसटी गाठली.

संध्याकाळी फैजानच्या सांगण्यावरून चांदणी गेली. चांगदेव दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

लग्नाला मीही गेलो होतो. भरतशेठ आले. पत्रिका त्यांनी वाचलेलीच नव्हती. लग्न आहे एवढं कळलं की ते येतात. मुहूर्त टळेपर्यंत आशीर्वादाचं भाषण झालं. तेवढा वेळ आरोहीच्या पाठीशी तिचा हात धरून एक काळेसावळे गृहस्थ उभे होते. पत्रिका त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून वर आली होती.

आता मानाच्या कीबोर्डावरचं सगळ्यात लांब बटण मान्यवरांना नाही. ते दाबलं की 'मामा :' एवढं उमटतं. पुढचं नाव बदरुभाई हाताने टाइप करतात. ते मी दोनदा तपासतो आणि नसलं तर विचारतो.