जाताना नदी, येताना उतार

बुरमाकानचा खालचा ओठ जरासा पुढे आला, की घरातल्यांनी समजायचं, समोरचा माणूस तिच्या लेखी संपला. त्यावर आणखी शब्द खर्चायची तसदी ती सहसा घेत नसे. चत्कालच्या डोंगरांच्या पायथ्याशी, तालदी-बुलाक गावात, लग्न होऊन आल्यापासून तो ओठ असा पुढे येत होता. एप्रिलात तर त्याला जागेवर जायला फुरसतच मिळत नसे.

कारण एप्रिलात गावामागचा तांबडा उतार फुलायचा. गावातले लोक त्या फुलाला जोगाझिन म्हणतात, शहरातले ट्यूलिप. आणि उतार पेटला रे पेटला, की हे शहरातले मोटारी भरभरून हजर. बायका फुलांत आडव्या व्हायच्या. कमरेखाली चारसहा झाडं चिरडली तरी चालायचं, फोटो मात्र न चिरडलेल्या फुलाचा हवा. जाताना कवळा भरून तोडायचं, आणि पुलाच्या वळणावर फुलांनी माना टाकल्या, की मोटारीतून भिरकावून द्यायचं. बुरमाकान अंगणात लोकर पिंजता पिंजता हे बघे.

"मेंढरू बरं," ती सुनेला, जिपारला, म्हणे. "तोडलेलं निदान पोटात तरी घालतं."

फुलाचं तिला कौतुक होतं असंही नाही. "आळशी लेकाचं. चार दिवस तांबडी टोपी घालून मिरवायचं आणि उरलेलं वर्ष मातीत तोंड खुपसून झोपायचं. अगदी या घरातल्या पुरुषांसारखं." असं ती बोलायची खरी; पण उतारावर कुणाचं चुकार कोकरू चढताना दिसलं, की हीच बाई हातातला चहा तसाच टाकून, पिंजणीच्या काठीसकट धावत सुटायची.

हे सगळं तिला सासूनं लावून दिलेलं. पहिल्याच वसंतात सासू तिला उतारावर घेऊन गेली आणि एका पानाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय?"

"गवत," नवी सून म्हणाली.

"तुझ्या माहेरी असेल गवत. हे जोगाझिनचं पोर आहे. दरवर्षी एवढं एकच पान वर काढील, आणि दरवर्षी आपला कांदा थोडा आणखी खाली नेईल. तुझा मुलगा मेंढरं हाकायला लागेल, तेव्हा कुठं याला फूल येईल. मग बोंड. बोंड वाळलं, तडकलं, तर बी. त्याआधी मेंढराचं तोंड लागलं, की एवढ्या वर्षांची माती."

म्हणून त्या घरात नियम होता: जाताना नदी, येताना उतार. मे सरता सरता मेंढरं घेऊन वरच्या कुरणांकडे कूच करायचं ते नदीकाठच्या धोंड्याधोंड्यांच्या, लांबच्या वाटेनं. शरदात परतताना बी पडून गेलेलं असायचं, कांदे खाली घोरत असायचे, तेव्हा खुशाल उतार तुडवत यायचं.

त्याच वसंतात बुरमाकाननं सासरच्या माणसांना नावं दिली. तिकडे सुनेनं सासरच्या कुणाचं, अगदी धाकट्या दिराचंही, खरं नाव उच्चारायचं नसतं. तिनंच प्रत्येकाला एक शोभेलसं नाव शोधायचं असतं. धाकटा दीर सागिनाली तेव्हा नाकातून शेंबूड गळणारं कार्टं होतं, पण बोलणं असं, की दुसऱ्याच्या हातातला घास स्वतःहून याच्या तोंडात जावा. बुरमाकाननं त्याचं नाव ठेवलं साखरतोंड. सासूनं ते ऐकून तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि तिच्या ताटात मटणाचा एक जादा तुकडा वाढला. सागिनाली मात्र पन्नाशी उलटली तरी त्या नावावर खूश होता. वहिनीनं आपली स्तुती केली, असं तो चारचौघांत सांगायचा.

साखरतोंडाचं कर्तृत्व गावासमोरच उभं होतं. तांबड्या उताराच्या बरोबर समोर तसाच दुसरा उतार. तोही कधी काळी तसाच फुलायचा. सामुदायिक शेतीच्या दिवसांत सागिनाली मुकादम झाला, आणि गावात सर्वांत आधी मेंढरं पुष्ट करून दाखवायची म्हणून ओळीनं काही वसंत त्यानं सगळा कळप त्या उतारावर घातला. शाबासकी मिळाली, छातीवर बिल्ला लागला. आता तिथं दवणा आणि काटे. गावातली पोरंसोरंही त्या डोंगराला सागिनालीचं टक्कल म्हणतात.

बुरमाकानचा नवरा वारला, मुलगा पोटापाण्यासाठी दूर गेला, तेव्हा घरातला कर्ता पुरुष म्हणून हाच उरला. आता तो फुलांच्या दिवसांत टोपी तिरकी घालून उताराच्या तोंडाशी उभा राहायचा आणि पाहुण्यांना फुलांची महती सांगायचा. फुलांबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं, की ती तांबडी असतात.

आधीचे दोन वसंत उताराला वाईट गेले होते. एकदा उशिराच्या बर्फानं कळ्या जाळल्या, एकदा गारांनी फुलं झोडपली. दोन्ही वेळा बी धरलंच नाही. या खेपेला मात्र बोंडं अंगठ्याएवढी झाली होती. हिरवी, टणक, तडकायला अजून महिना तरी हवा अशी. बुरमाकान रोज संध्याकाळी जाऊन त्यांना चिमटीत धरून बघायची आणि परत येऊन सुनेवर खेकसायची. जिपारला त्यावरून कळायचं, बोंडं ठीक आहेत.

कूच जवळ आलं, तसा एके सकाळी सागिनाली बायकोला, अनारकुलला, घेऊन चहाला आला.

"यंदा उतारावरून जायचं," त्यानं बूड टेकायच्या आधीच जाहीर केलं. "वर मोटाररस्त्याला झऱ्यापाशी जो आधी तंबू ठोकतो, घोडीच्या दुधाचा कुमिस त्याचाच खपतो. आपण नदीनं दगडं मोजत जातो, तोवर वरच्या आळीवाले ट्रकनं वळसा घालून तिथं ठाण मांडतात. आणि आपणही ट्रकनं तंबू पाठवावा, तर भाड्यातच कुमिसचा पैसा जायचा."

"बोंडं हिरवी आहेत, भाऊजी."

"वहिनी, बोंडं काय चाटायचीत? मी सगळ्यांना विचारलंय. सगळे हो म्हणाले."

"म्हणणारच. हो म्हटल्याशिवाय तुम्ही उठता कुठं!"

अनारकुलनं बोरसोकांच्या ढिगातून आणखी एक उचलला. तळलेली कणीक समोर असताना ती कुणाचीच बाजू घेत नसे.

"एका वर्षानं काय होतंय?" सागिनालीनं आवाजात मध ओतला. "एकदा मेंढरं गेली म्हणून डोंगर पळून जातो का?"

"समोरचा गेला की."

"तो दुष्काळानं गेला!"

"हो तर. मी पाहिलाय तो दुष्काळ. घोड्यावर बसला होता, हातात चाबूक होता आणि छातीवर बिल्ला."

जिपार चहाची किटली घेऊन लगबगीनं बाहेर गेली. तिला हसू आवरेना.

सागिनालीचा मध आटला. "हे बघ, तुला कुचाच्या पुढं घोडीवर बसायचं नसेल तर बसू नकोस. अनारकुल बसेल."

"बसवा की. पण आधी घोडीला विचारा."

"मी नाही गं बाई," अनारकुल घास गिळून म्हणाली. "माझे गुडघे."

सागिनालीनं बायकोकडे जे पाहिलं, त्यात उभ्या संसाराचा हिशेब होता. बुरमाकानचा ओठ पुढे आलेला होताच. तिनं आपला चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि म्हणाली, "बरं. बसते मी."

सागिनाली जिंकल्यासारखा उठला. "बघ, शेवटी घरातलं माणूस ते घरातलंच!"

तो गेल्यावर जिपार म्हणाली, "आई, तुम्ही एवढ्या लवकर मान तुकवलीत?"

"मान नाही तुकवली, घोडीवर बसते म्हटलं. माझा फेटा उन्हात टाक."

कुचाच्या दिवशी सकाळी घोड्यांवर नमदे, तंबूच्या काठ्या, पेट्या लादून झाल्या. बुरमाकाननं डोक्याला एलेचेक गुंडाळला, म्हणजे म्हाताऱ्या बायकांचा तो हातभर उंच पांढरा फेटा. जिपारनं जुनिपरची डहाळी पेटवून घोडीभोवती धूर फिरवला. लोकांनी हात तोंडावरून फिरवत दुवा मागितली, आणि बुरमाकान पुढे निघाली. तिच्यामागं ओझ्याचे घोडे, त्यांच्यामागं बायकापोरं, मग मेंढरांचा लोंढा, आणि सगळ्यात मागं, धुळीत, घोड्यावर ताठ बसलेला सागिनाली. कूच असं जातं. पुढं घरातली थोरली बाई. ती जाईल ती वाट. तिनं मागं वळून बघायचं नाही, आणि कुणी तिच्या पुढून आडवं जायचं नाही. गेलं, तर वर्षभर दुधाचा थेंब मिळत नाही म्हणतात. ट्रॅक्टर आले, फोन आले, सामुदायिक शेती आली आणि बुडाली, पण कुचापुढून आडवा गेलेला माणूस तालदी-बुलाकात अजून कुणी पाहिलेला नाही.

गावाबाहेरच्या अक्रोडापाशी वाट फुटते. डावीकडे उतार, उजवीकडे नदी.

बुरमाकाननं घोडीला उजवीकडे वळवलं.

मागच्या माणसांना वाटलं, बेत बदलला असेल. ओझ्याचे घोडे वळले, बायका वळल्या, मेंढरं तर काय, पुढच्याची शेपटी बघून चालणारी जात. धूळ खाली बसून सागिनालीला काही दिसेपर्यंत अर्धं कूच नदीच्या वाटेला लागलं होतं. तो घोडा फेकत आला.

"वहिनी! वाट चुकलीस!"

"घोडी चुकत नसते, भाऊजी."

"मग वळव तिला!"

"मागं कशी वळवू? मागं बघायचं नसतं मला."

"मी पुढून अडवतो!"

"या की," बुरमाकान समोर बघतच म्हणाली. "अडवा."

सागिनालीनं टाच मारली. त्याच्या घोड्याचं नाक तिच्या रिकिबीपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, तिच्या घोडीच्या मानेपर्यंत आलं. मागं सगळं कूच माना उंचावून बघायला लागलं. एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. कुमिसवर घर चालणारी ती सगळी माणसं, आणि हा पुढं तोंड घालून त्यांच्या घोड्या आटवायला निघालेला! सागिनालीनं लगाम खेचला. मग घोड्याचं नाक हळूहळू मानेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून रिकिबीवर, आणि तिथून धुळीत गेलं.

"काय गं वहिनी, मिळणार काय तुला यातून?" तो मागून चिडून म्हणाला. "ते बी उगवून फुलं येईपर्यंत तू असणारेस का?"

"नाही. आणि तुम्ही असलात तर तोडाल."

नदीच्या पहिल्या वळणावर मधमाश्या पाळणाऱ्याचं घर लागतं. कूच दिसताच त्याची बायको रिवाजाप्रमाणं ताकाचा वाडगा आणि रोटी घेऊन धावत आली. "सुखाची वाट असो, आपा! मी ऐकलं, यंदा उतारावरून जाणार. म्हटलं, झालं, आमच्या माश्यांचं पण गेलं."

"छे गं," बुरमाकाननं ताकाचा घोट घेतला. "आमच्या भाऊजींचा आग्रह. म्हणाले, बोंडं हिरवी आहेत, नदीनंच चला."

"शहाणा माणूस!" ती बाई वाडगा घेऊन थेट सागिनालीकडे गेली. "तुमच्यासारखा विचार करणारा पुरुष बघायला मिळत नाही, दादा."

सागिनालीनं काही बोलायला तोंड उघडलं. स्तुती आणि ताक, दोन्ही समोर होती. त्यानं वाडगा तोंडाला लावला.

जिपारनं सासूकडे पाहिलं. बुरमाकानचा ओठ आता एवढा पुढे आला होता, की त्यावर पाखरू बसलं असतं.

फुकटात काही झालं नाही. नदीला पाणी घोड्यांच्या पोटापर्यंत होतं आणि कालच वितळलेलं. एक कोकरू वाहून गेलं. बुरमाकान कमरेपर्यंत भिजली, वर पोचल्यावर तापानं फणफणली आणि जिपारनं दिलेला प्रत्येक काढा 'हे काय घोड्याला देतात?' म्हणत प्यायली. झऱ्याची जागा वरच्या आळीवाल्यांनी घेतलेली होतीच. सागिनालीचा तंबू वळणाआड गेला, मोटारी भुर्रकन पुढे जायच्या, आणि तो सबंध उन्हाळा वहिनीशी बोलला नाही. बुरमाकानच्या मते तो तिच्या आयुष्यातला सर्वांत चांगला उन्हाळा होता, कोकरू सोडून.

शरदात उतारावरून परतताना तिनं एक वाळकं बोंड चुरडून पाहिलं. आत काही नव्हतं. बी पडून गेलं होतं.

पुढच्या एप्रिलात पुन्हा मोटारी आल्या. सागिनाली टोपी तिरकी घालून उताराच्या तोंडाशी उभा. शहरातल्या एका जोडप्यानं फोन समोर धरला, तसा त्याच्या जिभेवर मध आला.

"हा उतार आज दिसतोय तो का दिसतोय?" तो फोनला सांगत होता. "लोक म्हणत होते, इथून मेंढरं न्या. माझी वहिनीसुद्धा. बाईमाणूस, तिला काय कळतंय! मी म्हटलं, नाही. बोंडं हिरवी आहेत. नदीनं चला!"

चहा घेऊन येणारी जिपार जागीच थबकली. "आई, ऐकलंत? सांगा ना त्यांना!"

"काय सांगू?" बुरमाकाननं तिच्या हातातली किटली घेतली. "आण इकडे." ती फोनपुढं गेली, पाहुण्यांना चहा दिला, दिराला दिला, आणि डोकं जरा खाली घालून, सुनेनं बोलावं तशी बोलली, "खरंच आहे. आणि जोवर घोड्यावर बसतोय तोवर कळप नदीनंच नेईन, असा शब्द दिलाय त्यांनी. होय ना, भाऊजी?"

जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. फोन सागिनालीच्या नाकाजवळ आला. उताराखाली लोकर धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या होत्या. सागिनालीनं फोनकडे बघितलं, बायकांकडे बघितलं, समोरच्या टकलाकडे बघायचं टाळलं.

"होय," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

बुरमाकाननं रिकामे वाडगे गोळा केले. फोनवाली बाई मागं सरकून आणखी एक फोटो घेत होती. तिच्या टाचेपाशी मातीतून दोऱ्यासारखी बारीक, हिरवी पानं वर आली होती, एकेकटी, दाटीवाटीनं.

"पाय उचला, बाई."

"अय्या, काय आहे? गवतच आहे ना?"

"गवतच आहे," बुरमाकान म्हणाली. "पाय उचला."