संगीत : पारंपरिक

गुवाहाटीच्या सिनेमागृहात कुंजलता मेधीनं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर इतक्या जोरात मूठ आपटली, की तिथला माणूस दचकून मागं वळला. पडद्यावर नुकतंच तिचं गाणं होऊन गेलं होतं आणि आता सरकणाऱ्या नावांत त्याच्यापुढं लिहिलं होतं, ‘संगीत : पारंपरिक’.

पारंपरिक! ती चाल तिनं पाठशाळा नावाच्या गावी, फिरत्या नाटक कंपनीच्या तालमीच्या मांडवात बांधली होती. तेव्हा ती ऐन विशीत होती. वादकांत बाई पेटी घेऊन बसते, हेच लोकांना खपत नसे. नाटकातल्या आईचा मुलगा पुरात वाहून जातो, त्या प्रसंगाचं ते गाणं. आईचं काम करणाऱ्या हेमप्रभाचा घसा ऐन हंगामात बसला. कंपनीचे मालक म्हणाले, "काढून टाका गाणं." कुंजलतानं हेमप्रभाला समोर बसवलं आणि तिला जे चार सूर लागत होते, तेवढ्यांतच गाणं नव्यानं उभं केलं. गावोगावी बायका डोळे पुसत तंबूबाहेर पडल्या. चाल लग्नघरांत गेली, नावाड्यांच्या तोंडी गेली. कुंजलतानं पुढं कितीतरी नाटकं केली, सिनेमे केले, दूरदर्शनच्या मालिका केल्या. पण त्या चालीइतकं नाव कशाचंच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती निर्माता निलोत्पल बरठाकूरच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

"या बायदेव!" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला. "लाल चहा सांगू?"

"चहा राहू दे. माझं नाव कुठं गेलं?"

"अहो, ते तर लोकगीत. माझी आजी म्हणायची."

"तुझी आजी आमच्या तंबूत तिकीट काढून बसली असेल. तिथंच शिकली."

निलोत्पल हसला. "लोकांनी गाणं आपलं मानलं बायदेव, याहून मोठा मान कुठला?"

"तुझा सिनेमाही मानलाय की लोकांनी आपला! मग लिही ना, ‘निर्माता : पारंपरिक’!"

त्याचं हसू मावळलं. मग त्यानं सूर बदलला. नवी मालिका येतेय, संगीत तुम्हीच करा, जुनं कशाला उगाळता? कुंजलताला ते काम हवं होतं. कंपन्या आता तयार संगीत वाजवायच्या, तिला बोलावणं येत नव्हतं. "आधी नाव," एवढंच म्हणून ती बाहेर पडली आणि जिन्यात तिला रडू फुटलं. संतापाचं रडू.

सिनेमा दूरचित्रवाणीवर लागला तेव्हा नाव आलं. आभाराच्या यादीत, होडी पुरवणाऱ्याच्या खाली : ‘कुंजबाला मेधी’.

"आलं बाई एकदाचं," शेजारी बसलेली हेमप्रभा म्हणाली. आता ती पार थकली होती.

"ही कुंजबाला कोण? माझी सवत की काय मेली?"

हेमप्रभा खोकत खोकत हसली. खोकला ओसरल्यावर म्हणाली, "कोर्टात जा, कुंज. माझा घसा बसला होता म्हणून तू ती चाल बांधलीस, हे मला ठाऊक आहे. मी सांगेन."

कुंजलता कोर्टात गेली आणि हेमप्रभानं सांगितलंही. साक्षीच्या पिंजऱ्यात तिला समोरच्या वकिलानं विचारलं, "आजी, इतक्या वर्षांपूर्वीचं नक्की आठवतं?" त्यावर हेमप्रभानं तिथंच गायला तोंड उघडलं. न्यायाधीशांनी थांबवलं, पण पहिली ओळ होऊन गेली होती.

निकाल अजून लागलेला नाही. मालिकेचं संगीत दुसऱ्यानं केलं. निलोत्पलनं दोनदा तडजोडीचा निरोप धाडला, कुंजलतानं दोन्ही वेळा निरोप्याला रीतीप्रमाणे तामूलपान, म्हणजे पानसुपारी, देऊन दारातूनच परत पाठवलं.