सजावट

शाळेच्या स्मरणिकेची पीडीएफ मीच केली. अंधांना ऐकता यावं म्हणून प्रत्येक फोटोचं वर्णन लिहावं लागतं, नाहीतर संगणकाच्या तपासणीत लाल खूण येते. मला कंटाळा आला. मी सगळे फोटो ‘सजावट’ ठरवून टाकले. सजावट वाचून दाखवायची नसते. खुणा लगेच हिरव्या झाल्या.

आज जोशी सर शेजारी बसून स्मरणिका वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज ऐकत होते. त्यांची दृष्टी गेलीय. त्यांच्या दिवंगत पत्नीवरचा, आमच्या बाईंवरचा लेख संपला आणि आवाज सरळ पुढच्या लेखावर गेला.

“हिचा फोटो नाही घातलास?”

पडद्यावरच्या फोटोत बाई हसत होत्या. माणूस पुसायला एक टिचकी पुरते, आणि वर शाबासकीची हिरवी खूण मिळते.

“राहून गेला, सर,” मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघून हसतच होत्या.