जागचं न हलणारं

ऐंशीच्या दशकात मी सांताक्रूझला विमानतळाच्या रडारवर तंत्रज्ञ होतो. रडारला विमानांबरोबर टेकड्या, इमारती, वाऱ्याने डोलणारी झाडं, सगळंच दिसतं. म्हणून यंत्र आपणहून निवड करायचं. जे अँटेनाच्या दर फेरीला त्याच जागी सापडतं किंवा अगदी हळू हलतं, ते पडद्यावरून काढून टाकायचं. भराभर सरकेल तेच विमान. नव्या पोरांना हे मी फार ऐटीत शिकवायचो.

गिरणी बंद पडल्यापासून बाबा आमच्या घाटकोपरच्या घरी, गॅलरीतल्या खुर्चीत बसून असत. मी कामावरून यायचो, चहा प्यायचो, पेपर उघडायचो.

एका रविवारी जेवताना मी विचारलं, "बाबा कुठायत?"

"गावी गेले. गुरुवारीच," बायको म्हणाली. "आता तिथेच राहणार म्हणाले."

मी भडकलो. मला कुणी सांगायचं नाही का?

तिने माझ्या ताटात भात वाढला. "बुधवारी तुमच्यासमोरच ट्रंक भरत होते ना. एकेक कपडा घडी घालून, सगळी संध्याकाळ. मध्ये मध्ये तुमच्याकडे बघत होते."