रिन्यूअलचा ठप्पा

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे मी आजवर नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बँकेतल्या बाईला आणि माझ्या लग्नाच्या बैठकीला जमलेल्या झाडून सगळ्या मंडळींना समजावून सांगितलं आहे. शांतपणे ऐकून घेतल्यावर सगळे एकच विचारतात, "म्हणजे फिजिओथेरपी ना?" मी हो म्हणते. किती जणांशी डोकं लावणार! आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा शर्टाची बटणं लावता यावीत, पोळी लाटता यावी, सही करता यावी, यासाठी त्याच्यामागे लागायचं, हे माझं काम.

आणि हे काम करणाऱ्या बाईच्या घरात, इथं हिंदी मुलखात, बाग सेवनियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, माझे स्वतःचे वडील उजवा हात कुर्त्याच्या खिशात घालून बसलेले असत. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हातातही जीव आला. पण तो वापरायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी ओवायला मणी दिले, खुंट्यांची पाटी दिली, दाबायला रबरी चेंडू दिला. "लहान पोरांचे खेळ मला काहून देते? मी सरकारी नोकरीतून रिटायर झालो, बालवाडीतून नाही," म्हणाले, आणि चेंडू शेजाऱ्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला. न वापरलेला हात आखडत जातो हे मला चांगलं माहीत होतं, आणि मला भीती वाटायची. बाहेर डॉक्टर माझ्याकडे पेशंट पाठवत होते आणि घरात माझं कोणी ऐकत नव्हतं.

अशात माझ्या रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलची मुदत संपत आली. अर्ज ऑनलाइन करायचा होता, तो केला. मग त्या ऑनलाइन अर्जाची हार्ड कॉपी घेऊन जातीने हजर व्हायचं होतं. सोबत पदवी, जुनं रजिस्ट्रेशन आणि जितक्या कार्यशाळांना आपण बसलो त्या सगळ्यांची प्रमाणपत्रं, मूळ आणि झेरॉक्स. सगळं जमवेपर्यंत शेवटचा दिवस उजाडला.

"मी येतो," बाबा म्हणाले. "तिथं तुझा निभाव नाही लागायचा. तू बाबू लोकांना थँक्यू म्हणते." त्यांची अख्खी नोकरी आवक-जावक शाखेत गेली होती, त्यामुळे माझ्या पदव्यांपेक्षा हा अनुभव मोठा होता.

एमपी नगर ओलांडून आम्ही रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात पोचलो. खिडकीमागे एक तरुण बाबू होता. एका गालात गुटखा, एका कानात इयरफोन.

"ऑक्युपेशनल... ये क्या होता है, मैडम?"

मी सांगायला लागले.

"अच्छा, फिजियो," तो म्हणाला. बाबा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले.

काम म्हटलं तर सोपं होतं. प्रत्येक झेरॉक्सवर 'मूल से मिलान किया', म्हणजे मूळ प्रतीशी ताडून पाहिलं, असा ठप्पा लागणार, मग आतले साहेब सही करणार. बाबू ठप्पा मारत नव्हता, कागदाला नुसता दाखवत होता. गठ्ठा आत गेला आणि परत आला. ठप्पा वाचता येत नाही, पुन्हा लावा, असा साहेबांचा निरोप. पुन्हा लावला, पुन्हा परत आला. साहेबांची घरी जायची वेळ होत आली. आज सही झाली नाही तर उद्यापासून मला पेशंटला हात लावता येणार नव्हता. मला तिथेच रडू यायला लागलं.

बाबा मात्र भडकले होते, आणि माझ्यासाठी नव्हे, ठप्प्यासाठी. "अरे भैया, पैड सूखा पड़ा है तुम्हारा! दो बूँद पानी डालो. और नीचे रजिस्टर रखो. नंगी टेबल पे ठप्पा कौन लगाता है?"

"तो आप ही लगा लो, बाबूजी," बाबू वैतागून म्हणाला आणि सगळं सामान खिडकीतून बाहेर सरकवलं.

बाबा बाकावर बसले. मांडीवर रजिस्टर, त्यावर गठ्ठा. डावा हात जुन्या सवयीने कागद दाबून धरायला आणि एकेक उलटायला गुंतला. ठप्प्यासाठी उजवाच उरला. तो खिशातून बाहेर आला.

मी मदतीला पुढे झाले आणि झटकन हात मागे घेतले. पेशंट धडपडत असताना आपण मध्ये पडायचं नसतं. पहिला ठप्पा अर्धाच उमटला. दुसरा तिरका. "हट्," बाबा स्वतःवरच खेकसले आणि मनगट जरा उचलून धरलं. तिसऱ्यापासून अक्षरं दिसायला लागली. मी अक्षरांकडे बघतच नव्हते, त्यांच्या बोटांकडे बघत होते. गठ्ठ्यात एका कार्यशाळेचं प्रमाणपत्र होतं, विषय होता 'रुग्णाच्या आवडीच्या कामातून उपचार'. जेवणानंतरच्या त्या सत्रात मला फार छान झोप लागली होती. त्यावरही बाबांनी ठप्पा मारला, चांगला खणखणीत.

साहेबांनी सही केली. बाबांचा हात पुन्हा खिशाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. बोटांना शाई होती आणि कुर्ता पांढरा होता.

बाबूने इयरफोन काढला. "मान गए, बाबूजी. वैसे मैडम करती क्या हैं?"

बाबांनी उजव्या हाताची निळी बोटं उघडून, मिटून पाहिली.

"बिगड़े हुए बाबू सुधारती है," ते म्हणाले. "पर टाइम बहुत लगाती है."