बाईंनी नाव घेतल्याबिगर उठायचं न्हाई

पोरं सगळी आडवी पडलेली आनि मधी बाईबी आडव्या. शालनला न्यायला म्हनून मी बालवर्गाच्या दारात उभी, कडेवर बारकं. ते भोकाड पसरून रडाय लागलं, तरी आतलं एक पोर हललं न्हाई. इख खाल्लं काय, जनावर शिरलं काय... आनि माझी शालन तितंच भिताडाकडंला, डोळं मिटून. मग एका पोरीचा पायाचा अंगठा हलला, तवा ध्यानात आलं की ह्यो झोपेचा खेळ. दुपारी बाई पोरांस्नी निजवायच्या, आपनबी पडायच्या, आनि ज्येचं नाव घेतील त्यानंच उठायचं. जिवात जीव आला. मग बाईंच्या तोंडाकडं बगितलं. पापनीवर माशी बसलेली, आनि ती उडंना. हात लावला तर गार.

वरडावं तर पोरं उठून तेच बगनार. म्हनून मी एकेकाच्या कानाशी वाकून हळूच नाव घेत गेले. ज्येचं ठावं न्हवतं त्याच्या पाठीवर हात ठेवला. उठली बिचारी, डोळं चोळत समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. माझीच शालन उठंना. म्हनती, "तू बाई न्हाईस." तिला तशीच उचलली, भाईर आले, आनि मग माझ्या तोंडातनं आवाज फुटला.

आता महिना झाला. ह्या आमच्या बालवर्गाच्या बाईंवर, सुभद्राबाईंवर, कुनी शिकलेल्यानं ल्हिवलं असतं तर बरं झालं असतं. मी चौथीतनंच मागावर सुताच्या कांड्या भराय बसलेली. पन आमच्या शापुरातल्या कोष्टी गल्लीत बालवर्ग म्हंजे काय, हेच कुनाला कळत न्हवतं. "पोरं सांबाळायची आया ठेवलीया" म्हनायचे. बाईंच्या तोंडावर म्हनायचे. बाई पुन्याला शिकून आलत्या, त्या नुसत्या हसायच्या. पन आत पाय टाकायच्या आदी दारात थांबायच्या, पदरानं तोंड पुसायच्या. मी एकदा इचारलं, घाम येतोय व्हय बाई? म्हनाल्या, "न्हाई गं, घरचं तोंड भाईर ठिवते." घरी म्हातारा सासरा अंथरुनाला खिळलेला, नवरा कवाच गेलेला. त्यातलं पोरांस्नी कवा काय दिसलं न्हाई.

आमच्या शेजारच्या कमळीची आई बाळंतपनात गेली. घरच्यांनी कमळीला सांगितलं, आई निपानीला माहेरी गेलीया. ती पोर रोज बालवर्गाच्या उंबऱ्यावर बसायची, रस्त्याकडं बगत. बाईंनी एक दिवस मांडीवर घेतलं आनि सरळ सांगितलं, आई मेली, आता यायची न्हाई. पोरीनं आकांत केला. तिची आजी चंद्राक्का तरातरा आली. "तुला ना पोर ना बाळ, तुला काय कळतंय गं?"

बाई म्हनाल्या, "आक्का, मी तिची आई न्हवं, मास्तरीन हाय. आईला एखादं खोटं चालतंय. मला न्हाई चालत."

"लई आली मास्तरीन," म्हनून आक्का गेली. मी तितंच हुते. बाई माठाकडं गेल्या, गडू तोंडाला लावला, पन घोट काय घेतला न्हाई. मग वळल्या ते गानं म्हनतच. पैलीत गेलेली पोरं रस्त्यात वळखबी देत न्हाईत, म्हनून मी एकदा हळहळले, तर म्हनाल्या, "मला इसरली म्हंजे माझं काम झालं." म्हनाल्या खऱ्या. पन ती पोरं लांब जाईस्तवर बगत ऱ्हायल्या.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं बालवर्गाच्या कुलपासमोर गोळा झाली. बालवर्ग चालवनारी देवळातली पंचमंडळी मला म्हनाली, "बाई गावाला गेल्यात म्हन. बारकी हाईत, चार दिसांत इसरतील." सगळी तोंडं वर करून माझ्याकडं बगायली, कारन काल नावं मीच घेतली हुती. मला पदरानं तोंड पुसाय सुचलं न्हाई. रडतच सांगितलं... बाई मेल्या, झोपेतच श्वास थांबला त्यांचा. एवडं बोलून गेले, आनि फुडं काय बोलायचं ते मला येत न्हवतं. बाईंना आलं असतं.

पोरं रडली, घाबरली. दोन घरच्या बायका आजून माझ्याशी बोलत न्हाईत. चंद्राक्का म्हनती, "ती निदान शिकलेली हुती, तू कोन गं?" आनि शालन आता दुपारची झोपत न्हाई. मी बाळाला पाजत जरा आडवी झाले, डोळा लागला, की नाकाखाली तिचं बोट येतंय. बोटाला श्वास लागला की काडती, थोड्या येळानं पुन्ना धरती. तिच्या मनात ते मीच घातलं. खोटं सांगितलं असतं तर ती आज कुलपासमोर वाट बगत बसली असती, आनि खरं सांगितलं तर अशी बसलीया. मला काय कळंना झालंय. माझ्या जागी तुमी असतासा, तर त्या पोरांस्नी काय सांगितलं असतं?