गच्चीवरची नोकरी आणि पाचवं शील

आमच्या महाडात तेव्हा गच्ची असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी कौलं. कौलावर माणूस चढायचा तो पावसाआधी फुटकी कौलं बदलायला, नाहीतर सावित्रीला पूर आला की जीव वाचवायला. त्यामुळे आत्या सकाळच्या एसटीने पोलादपूरहून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "तुमचा होणारा जावय मुंबईत गच्चीवर दारू वाढतो," तेव्हा माझ्या आईला दारूच्या आधी गच्चीचाच प्रश्न पडला.

"गच्चीवर कशाला बाई? पिऊन खाली पडायचे ना लोक!"

"वैनी, तुला कायपन सुचतं! आमच्या वाडीतला एकजण डोळ्यांनी बघून आलाय. मोठं हॉटेल हाय, त्याच्या डोक्यावर बार हाय. समोर समुद्र दिसतो म्हनून बडे लोक तिथं पितात. आनि हा पांढरे कपडे घालून बाटल्या घेऊन फिरतो. मी खोटं बोलत नाय."

माझे वडील शाळेत शिक्षक. ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली ती उलटायची राहिली आणि करपली. लग्न वैशाखात ठरलं होतं आणि मला मुलगा आवडला होता. आता सांगायला काय लाज!

आवडला कशामुळे तेही सांगते. बघण्याच्या कार्यक्रमात सगळ्यांनी मला नेहमीचे प्रश्न विचारले. शिवण येतं का, शाळा किती झाली, वगैरे. शेवटी हा म्हणाला, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?" अशी पद्धत आमच्याकडे कुठे होती? मी गडबडले आणि तोंडाला आलं ते बोलले, "मुंबईत पाणी किती वाजता येतं?" सगळे फिसकन हसले. हा मात्र हसला नाही. म्हणाला, "पहाटे येतं. पण ते मी भरतो." झालं! मी त्याच क्षणी मनाने त्याच्या नायगावच्या चाळीत जाऊन पोचले.

काम काय, असं वडिलांनी विचारलं तेव्हा "हॉटेलात आहे, वरच्या मजल्यावर," एवढंच तो म्हणाला होता. वरचा मजला म्हणजे राहायच्या खोल्या असतील, चादरी बदलत असेल, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो.

आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. रोज संध्याकाळी वडील मेणबत्ती लावून बुद्धवंदना घ्यायचे. ते पुढे म्हणणार, आम्ही मागे. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे मादक पदार्थांपासून लांब राहण्याच्या शीलाला, त्यांचा आवाज आपोआप जड व्हायचा. त्यामागे आत्या होती. तिचं लग्न वडिलांनीच जमवलं होतं. मुलगा दिसायला राजबिंडा, गिरणीत नोकरी, चौकशी कसली करायची! पुढे त्या राजबिंड्याला हातभट्टीने खाल्लं आणि आत्या तरुणपणीच पांढऱ्या कपाळाने सासरच्या वाडीत राहिली. तिने वडिलांना कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

"मी मुंबईला जातो," वडील म्हणाले. "न कळवता. पीत असेल तर लग्न मोडलं."

"मीपण येणार," मी म्हणाले.

"मुलाच्या कामावर मुलगी जात नाही."

"लग्न माझं मोडायचंय ना? मग मोडताना मला बघू द्या."

आई म्हणाली, जिभेला काही हाड आहे का तुझ्या. आत्या मात्र म्हणाली, "ने तिला. माझ्या येळी मला नेली असतीस तर मी वास घेतला असता." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. वडील वाटभर लग्न कसं मोडायचं ते पुटपुटत पाठ करत होते.

मामाच्या खोलीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ते हॉटेल शोधून काढलं. चर्चगेटच्या बाजूला, समुद्रासमोर. दारात फेटेवाला दरवान. त्याने वडिलांची छत्री, माझ्या हातातली कापडी पिशवी बघितली आणि हिंदीत विचारलं, कोणाकडे? वडिलांचं हिंदी म्हणजे आनंदच. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "ऊपर, हमारे जावई के पास."

जावई! सबंध रस्ताभर लग्न मोडायचं पाठ करत आलेला माणूस! मी तोंडाला पदर लावला. त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. दरवानाने आम्हाला मागच्या लिफ्टने वर पाठवलं.

लिफ्टचं दार उघडलं आणि मी जरा वेळ लग्नबिग्न सगळं विसरले. एवढं आभाळ मी फक्त आमच्याकडच्या कुडपणच्या पठारावर बघितलं होतं. पण तिथे आभाळाखाली डोंगर असतात, इथे पाणीच पाणी. गच्चीभर वेताच्या खुर्च्या, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठाल्या छत्र्या, कुंड्यांतून छोटे माड. खाली समुद्राच्या कडेने रस्ता वळत गेलेला आणि त्याच्या टोकाला चौपाटीची वाळू. दुपारची वेळ, त्यामुळे गिऱ्हाईक एकही नव्हतं. गच्चीच्या एका कडेला छपराखाली लांबलचक लाकडी ओटा होता आणि त्यामागे बाटल्यांची रांग. ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, तो उभा होता. त्याने ग्लास उचलला, मान मागे केली आणि ग्लास तोंडाला लावला.

"बघ," वडील एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना राग आलेला नव्हता. आत्याच्या नवऱ्याच्या तिरडीमागे चालताना त्यांचा चेहरा जसा होता तसा तो झाला होता.

तेवढ्यात त्याने ग्लास खाली घेतला, आत फडकं घालून खसाखसा पुसला, परत उजेडाकडे धरला आणि परत त्यावर तोंडाने "हाऽ" केलं. अगं बाई! तो ग्लासवर वाफ सोडत होता! आम्ही भांडी राखेने घासणारी माणसं. तोंडाची वाफ सोडून काच पुसतात हे आम्हाला काय ठाऊक! मला इतकं हसू आलं की त्याने वळून बघितलं. आम्हाला बघितल्यावर त्याच्या हातातला ग्लास सुटलाच असता.

बिचाऱ्याने आम्हाला समुद्राकडच्या खुर्च्यांवर बसवलं आणि उंच ग्लासांतून सरबत आणलं. वडिलांनी ग्लास नाकाशी नेला.

"यात काय आहे?"

"लिंबू, साखर, मीठ," तो म्हणाला.

वडिलांनी ग्लास तसाच खाली ठेवला. मी माझा संपवला, आणि मग त्यांचाही संपवला. इतक्या लांब आल्यावर तहान लागणार नाही का माणसाला?

"तुम्ही इथे काय करता ते आम्हाला सांगितलं नाहीत," वडील म्हणाले.

"सांगवलं नाही, गुरुजी," तो म्हणाला. खाली मान घालून, पण सरळ. बाकी सबब एक नाही.

वडिलांनी घड्याळ बघितलं. "ड्यूटी कधी?"

"संध्याकाळी."

"मग चला. चैत्यभूमीवर जाऊन येऊ."

मला लगेच कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. आमच्या लोकांत शपथा घालत नाहीत, गळ्याची आण घेत नाहीत. शीलं म्हणायला लावतात. खरा माणूस ती सरळ म्हणतो. पिणारा पाचव्याला अडखळतो किंवा पुटपुटून पुढे जातो, असा वडिलांचा ठाम समज होता. आत्याच्या नवऱ्याला लग्नात हे म्हणायला लावलं होतं तेव्हा तो खोकला होता, आणि वडिलांनी त्याला पाणी दिलं होतं. ते पाणी त्यांना जन्मभर खात होतं.

आम्ही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढे बसलो. वडील मुद्दाम आमच्या मधे. वाटेत बोलायला काहीतरी हवं म्हणून तो गोरी गिऱ्हाइकं काय विचारतात ते सांगत होता. पोहायला कुठली चौपाटी चांगली, सूर्यास्त कुठून बघावा. हा त्यांना सांगतो, भेळ खायची तर गिरगाव, हिंडायचं तर जुहू, आणि अक्साला जाल तर पाण्यात उतरू नका.

"तुम्ही गेलाय सगळीकडे?" मी वडिलांच्या पाठीमागून विचारलं.

"छे हो. संध्याकाळी मी गच्चीवर असतो. वरून दिसते तेवढी गिरगावची बघतो. पायाला वाळू लागलीय ती फक्त दादरची."

मला त्याची दयाच आली. सगळ्या जगाला समुद्र दाखवणारा माणूस, आणि स्वतःचे पाय कोरडे! वडिलांनी घसा खाकरला.

दादरला दर्शन घेऊन आम्ही बाहेर वाळूत आलो. माणसं तुरळक होती. वडील वाळूत मांडी घालून बसले, आम्हाला समोर बसवलं, हात जोडले. ते एक-एक शील म्हणणार, आम्ही मागे म्हणणार. पहिलं झालं, दुसरं झालं. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं, तेही झालं. मग वडिलांनी पाचवं म्हटलं, आणि मागे माझा एकटीचाच आवाज आला.

वडिलांनी ते परत म्हटलं. तो हात जोडून, डोळे मिटून बसलेला. ओठ घट्ट बंद.

वडील उठले. धोतराची वाळू झटकली, छत्री घेतली. "ऊठ," मला म्हणाले. "कळलं आपल्याला."

मी उठले नाही. संताप आला होता मला, दोघांचाही. एक बोलत नाही आणि दुसरा विचारत नाही!

"बाबा, विचारा तरी त्यांना! आणि तुम्ही हो, तोंड शिवलंय का तुमचं? पिता का नाही ते सांगा, म्हणजे मी माझ्या घरी जायला मोकळी!"

त्याने डोळे उघडले. "थेंबसुद्धा नाही. वाससुद्धा सोसत नाही मला. पहिले काही महिने गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन ओकायचो."

"मग म्हणत का नाही?"

"रोज संध्याकाळी लोकांना देतो ना मी ते, माझ्या हाताने. हात असे बरबटलेले आणि तोंडाने पाचवं कसं म्हणू? गावी म्हणत नाही, इथेही म्हणत नाही. चार म्हणतो. दुसरी नोकरी मिळाली की म्हणेन." मग वडिलांकडे बघून म्हणाला, "तुम्हाला चालत नसेल तर मी समजू शकतो, गुरुजी."

वडील छत्री टेकून उभेच होते. मग खाली बसले, आणि अहो, भांडायलाच लागले त्याच्याशी! पण उलट बाजूने!

"असं कसं? ते शील पिण्याबद्दल आहे, वाढण्याबद्दल नाही."

"विकणंसुद्धा वाईटच म्हटलंय, गुरुजी."

"ते दुसरीकडे म्हटलंय! आणि विकतो तो मालक. तुम्ही नोकर. म्हणा, म्हणा तुम्ही."

"नाही, गुरुजी."

"अहो, मी सांगतोय ना, म्हणा!"

"नाही."

वडील माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. आत्याच्या लग्नापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "हा हट्टी आहे गं," म्हणाले. "तुझं कसं व्हायचं?"

मी हात जोडले आणि पाचवं शील मोठ्याने म्हटलं, अगदी चणेवाल्याने वळून बघावं इतक्या मोठ्याने. "हे ह्यांच्या वाटचं," मी म्हणाले. "दुसरी नोकरी लागेपर्यंत मी म्हणेन." त्यानंतर आम्ही तिघांनी चणे खाल्ले, आणि वडील धोतर वर खोचून पाण्यात गेले. छत्री उघडून!

लग्न वैशाखातच झालं. पाणी पहाटे हेच भरायचे. दुसरी नोकरी मात्र लवकर मिळाली नाही. नायगावच्या खोलीत रोज वंदनेला हे चार म्हणायचे आणि गप्प बसायचे, मग मी आवाज चढवून पाचवं म्हणायची. शेजारणींना वाटायचं, मी नवऱ्याला टोमणा मारते.

पुढे आमच्या महाडला कारखाने आले आणि ह्यांना एकात काम लागलं. गच्ची सुटली, आम्ही जवळच बिरवाडीला भाड्याची खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी वडील आले, आत्याही आली. आत्याने आल्या आल्या जवळ जाऊन ह्यांचा वास घेतला आणि म्हणाली, "नाय गो, नुसता साबनाचा वास हाय." सामान अजून गाठोड्यांतच होतं. वडिलांनी खिडकीत मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. चार झाली. सवयीने मी पाचव्याला आवाज चढवला, आणि माझ्या शेजारून दुसरा आवाज आला.

मी मधेच थांबले. वडीलही थांबले. ह्यांनी एकट्याने ते पूर्ण म्हटलं.